खांबामागचा डाग

सागाचं घर म्हणजे रचून ठेवलेली होळी, एक काडी पडायचा अवकाश, असं फुलबाजारातल्या साऱ्या बायकांनी नवसाबाईला बजावलं होतं. त्यातल्या एकीनेही तसलं घर जळताना पाहिलेलं नव्हतं, पण सांगणाऱ्याचं काय जातं? नवसाबाईच्या मनात मात्र पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. साधना तिची एकुलती एक लेक, गंगापूर रोडकडच्या मळ्यात, स्लॅबच्या घरात वाढलेली. आणि अठ्ठ्याण्णव सालच्या लग्नसराईत स्थळ आलं ते हरसूलचं, खांबांपासून भिंतींपर्यंत सगळं लाकडी.

मुलगा जीवन शाळेत मास्तर होता, स्वभावाने गरीब. घर बघायला गेलेली मंडळी पोह्यांवर खूश झाली. नवसाबाईने बशीला हात लावला नाही. तिने चूल आणि भिंत यांतलं अंतर पाहिलं, दारं मोजली, माळ्याची शिडी हलवून पाहिली. मग पाणी प्यायच्या निमित्ताने माजघरात गेली, मधल्या खांबाआड उभी राहिली आणि बटव्यातून काडेपेटी काढली. होणाऱ्या सोयऱ्यांच्या घरात हे असलं करायचं, म्हणजे बाईची कमालच! पण आईच्या जिवाला लाज नसते.

पेटती काडी तिने खांबाला टेकवली. ती बोटापर्यंत जळत आली आणि विझली. लाकडावर रुपयाएवढा काळा डाग पडला, बस्स. दुसरी ओढणार, तोच तिला खाली आणखी एक डाग दिसला, जुना, हात लागून लागून गुळगुळीत झालेला.

"तो माझ्या आईचा हाय," मागून आवाज आला. मुलाची आई कुसाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

नवसाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुसाबाई रागावली नाही. तिने तांब्या खाली ठेवला आणि डाव्या हाताची बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी चुरगळून गेली होती.

"आईनं खांब पारखला, माणसं नाय पारखली. भाकर करपली म्हणून सासूनं हा हात चुलीत धरला व्हता. ती गेली. आता या घरात मी हाय. इचारायचं ते मला इचारा."

नवसाबाईला खांबाची भीती उरली नाही. उरली ती वेगळीच, आणि ती जास्त मोठी होती.

"माझ्या साधनाची भाकर करपली तर?"

"तर ती मी खाईन."

नवसाबाईने काडेपेटी बटव्यात टाकली, बाहेर आली आणि गार झालेल्या पोह्यांची बशी पुढे ओढली. खाता खाता तिची नजर मात्र कुसाबाईच्या हातांवरून हलली नाही.