मीठदाणी नव्हे, वाळूदाणी

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी मीठदाणी नाही! मी एक जुनी पितळी वाळूदाणी आहे. माझ्या झाकणाला बारीक भोकं आहेत, म्हणून सगळे फसतात.

पूर्वी बोरूनं पत्रं लिहीत. शाई ओली राहायची. मग चिटणीस मला उचलून कागदावर बारीक वाळू शिंपडत आणि शाई सुकली की झटकून टाकत. केवढा मान होता माझा! पुढं टीपकागद आला आणि माझी रवानगी त्यांच्या स्वयंपाकघरात झाली. माझ्यात चक्क मीठ भरलं. मिठानं अंग हिरवं पडलं. फार वाईट वाटायचं, पण मी तग धरला.

परवा त्याच घराण्याच्या गारखेड्यातल्या फ्लॅटमध्ये सूनबाई वैदेहीनं मला मोडीच्या पिशवीत टाकलं. मोडीत जायचं म्हणजे वितळायचं! मी मनाशी ठरवलं, जाणार नाही. पण ना हात ना पाय, करणार काय?

तिचे सासरे दत्तोपंत चिटणीस तेव्हा समोरच घुश्श्यात बसले होते. सोसायटीच्या चिटणीसपदाच्या निवडणुकीत शेजारच्या मोनालीताईंनी त्यांना हरवलं होतं. "अहो, आमचं आडनावच चिटणीस!" असं ते येईल त्याला ऐकवत होते. तेवढ्यात मोनालीताईच आल्या.

"काका, लई रागावलात का? निवडून तर आले, पण चिटणीस म्हणजे नेमकं काय, ते तुम्हीच सांगा."

विचारल्यावर दत्तोपंतांना राहवेना. "अगं, फारसीत नवीस म्हणजे लिहिणारा. चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटनवीस, त्याचा झाला चिटणीस. आधी ते काम होतं, आडनाव मागून चिकटलं."

"मग बाबा, तुम्ही शेवटचं पत्र कधी लिहिलंत?" वैदेहीनं हळूच विचारलं.

दत्तोपंत बोटांवर वर्षं मोजू लागले. मग स्वतःच हसले. उठून त्यांनी मला पिशवीतून शोधून काढलं, पुसलं आणि मोनालीताईंच्या हातावर ठेवलं.

"ही चिटणीसाची वस्तू, शाई सुकवायची वाळूदाणी. ने तू."

"तुमच्या घरातली आहे, काका. मी कशी नेऊ?"

"घरातली नाही गं, कामातली आहे."

आता मी मोनालीताईंच्या टेबलावर असते. काल त्यांनी टँकरची वेळ बदलण्यासाठी पत्र लिहिलं. बॉलपेनची शाई कोरडीच होती, तरी हौसेनं माझ्यात वाळू भरून शिंपडली. शेजारी दत्तोपंत पत्रातल्या चुका काढत होते.

मित्रांनो, जुनी वस्तू मोडीत घालण्याआधी मोठ्यांना विचारा, हिचं काम काय होतं? कळलं की तिला पुन्हा कामाला लावा. मी पितळेची आहे, अजून खूप टिकेन. पत्रं लिहिणारं तेवढं कुणीतरी ठेवा!