कुणाच्या नावे लिहू?

मी एक शाईचा पेन बोलतोय. माझं टोपण चिरलंय, निब एका बाजूने झिजलीय. शिलाई मशीनच्या एका दुकानात विक्री लिहिण्यातच माझा जन्म गेला.

लग्न झाल्यावर दुकानदाराने बायकोला शेजारी बसवून हिशेब शिकवला. "मशीन रोखीने विकलं, तर रोख खातं नावे, विक्री खातं जमा. उधारीवर दिलं, तर गिऱ्हाइकाच्या नावे लिहायचं. विक्री जमाच."

"आणि चुकलं तर? खोडू?"

"अगं, खोडायचं नाही. उलटी नोंद करायची. विक्री नावे, गिऱ्हाईक जमा."

ती पटकन शिकली. पुढे त्याच्यापेक्षा तिचीच बेरीज आधी जुळायची. मग तो म्हणायचा, "मला आता पगारावर ठेव."

पुढे लोक तयार कपडे घेऊ लागले. मशिनांवर धूळ बसली. आणि त्याच सुमारास त्याचा हात माझ्यावर घुटमळू लागला. एकच विक्री तो दोनदा लिहायचा. कधी नावे लिहून जमा लिहायचं विसरायचा. नंतर तर दुकानात कुणी फिरकलेलं नसताना विक्री लिहू लागला. त्यातली काही गिऱ्हाइकं कधीच वारली होती.

डॉक्टर म्हणाले, "हे वाढत जाणार. औषधाने जरा लांबेल, इतकंच."

तो डबा खायला दुकानामागच्या खोलीत गेला की ती मला उचलायची आणि उलटी नोंद करायची. विक्री नावे, गिऱ्हाईक जमा. तो खूश होऊन सांगायचा, "आज धंदा बरा झाला." ती "हो" म्हणायची.

एका दुपारी ती त्याला घरी न्यायला आली. "अहो, चला."

त्याने मान वर केली. "या ना ताई, बसा. कुठलं मशीन दाखवू?"

ती उभीच राहिली. मग खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"पैशांची काळजी करू नका. उधार चालेल," तो म्हणाला. "कुणाच्या नावे लिहू?"

तिने आपलं नाव सांगितलं. त्याने ते वळणदार अक्षरात लिहिलं. आडनाव लिहितानाही त्याचा हात अडखळला नाही.

ती नोंद तिने उलटी केली नाही; मी लिहिलेली ती शेवटचीच. दुकान विकलं. आता तो खिडकीशी बसून असतो आणि मी कपाटात पडून आहे. माझी शाई वाळलीय. कुणाच्या हाती लागलोच, तर कृपा करून मला धुऊन पुन्हा भरू नका.