शेजारच्या दारातली जीप

मित्रांनो, माझ्या अंगावरचा तो चकचकीत हिरवा रंग माझा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. सातारच्या एका व्यापाऱ्याने तो दोन दिवसांत फासला होता. मी एक जुनी लष्करी जीप. कडेगावात लालासाहेबांच्या दारात उभी असते. समोरच्या दारात दुसरी एक जीप उभी असते, आणि माझी सगळी कहाणी म्हणजे तिच्याविषयी मला वाटत आलेल्या हेव्याची कहाणी आहे. चांगल्या गाडीने असे बोलू नये. पण मी चांगली गाडी आहे, असे मी कुठे म्हणते?

लढाई चालू असताना अमेरिकेतल्या एका कारखान्यात मी तयार झाले. लाकडी पेटीत घालून मला बोटीने हिंदुस्थानात आणले आणि आसामकडच्या डोंगरात कामाला जुंपले. पिठाची पोती, गोळ्यांच्या पेट्या, जखमी शिपाई, सगळे मी वाहिले. खेचरे जिथे थबकत, त्या चढणी मी चारही चाकांनी चिखल उपसत चढले. ही कधी दगा देत नाही, असे माझा ड्रायव्हर सगळ्यांना सांगे.

एका दुपारी रस्त्याची कड खचली आणि मी दोन कोलांट्या खाऊन ओढ्यात पडले. ड्रायव्हरने उडी टाकली, म्हणून तो वाचला. माझ्या पोटाखालची लोखंडी चौकट मात्र वाकली, आणि पुढच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या चक्राचे दाते तुटले. लढाई संपली तेव्हा मी मोडक्या गाड्यांच्या रांगेत होते. लिलावात विकली गेले आणि सातारच्या त्या व्यापाऱ्याच्या आवारात आले. त्याने वाकलेल्या जागी ठिगळ जोडले, वरून रंग दिला आणि मला अगदी पुढे उभे केले.

आज समोरच्या दारात असते ती जीप तेव्हा माझ्या शेजारी उभी होती. तिचा रंग उडालेला, एक मडगार्ड चेपलेला, बसायची गादी उसवलेली. तिच्याकडे बघून मला बरे वाटायचे. गिऱ्हाईक आले की माझ्याकडेच वळणार, यात मला शंका नव्हती.

सेहेचाळीस सालच्या हिवाळ्यात कडेगावचा कृष्णात आला. तो पाच वर्षे फौजेत ड्रायव्हर होता आणि नुकताच घरी परतला होता. त्याच्यासोबत त्याची आई धोंडुबाई आणि थोरले चुलतभाऊ लालासाहेब होते. त्यांचा उसाचा मळा गावापासून दोन मैलांवर, वाटेत काळी माती आणि एक ओढा. धोंडुबाईचे गुडघे गेलेले. बैलगाडीचे हादरे तिला सोसत नव्हते आणि मळ्यात गेल्याशिवाय तिचा दिवस सरत नव्हता. त्याची बहीण येरळा नदीपलीकडे मायणीला दिलेली. घरच्यांना रोज बिनघोर नेता-आणता येईल अशी गाडी कृष्णातला हवी होती. सगळे आवार सोडून तो थेट माझ्यापाशी आला. मी सुखावले.

त्याने माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि तसाच थोडा वेळ राहू दिला. बॉनेट कोमट होते. गार गाडी चटकन चालू होत नाही, म्हणून व्यापाऱ्याने मला सकाळीच चालू करून ठेवले होते. कृष्णात हसला. "ही गार झाल्यावर येतो," म्हणून तो आईला आणि भावाला घेऊन चहा प्यायला गेला. परत आला तेव्हा मी गारठले होते. चालू व्हायला मी इतका वेळ लावला की व्यापारीच खाकरू लागला.

मग त्याने धोंडुबाईला हात देऊन माझ्यात बसवले. म्हातारी बसली, सावरली, पुन्हा सावरली.

"कृष्णाता, हितं बसलं की डाव्या अंगाला घसरल्यागत हुतंय. जिमीन तर सपाट हाय."

कृष्णात माझ्याखाली आडवा झाला. त्याने नखाने रंग खरवडला. ठिगळ त्याला दिसले, हे मला त्याच्या बोटावरून कळले. बाहेर येऊन त्याने मला आवारातल्या वाळूच्या ढिगावर घातले आणि पुढच्या चाकांना ताकद देणारी दांडी ओढली. माझी मागची चाके गरगरा फिरून वाळूत रुतली, पुढची दोन्ही जागच्या जागी थंड. गाडी तापली की ओढेल, असे व्यापारी म्हणाला. कृष्णात खाली उतरला.

नंतर तो तिच्याकडे गेला. तिचे बॉनेट गारच होते, आणि ती दुसऱ्या खेपेला चालू झाली. इंजिनाचे तेल बोटांवर चोळून त्याने वास घेतला. तिच्याखाली उताणा पडून किती तरी वेळ तो बघत राहिला. ती त्याच वाळूवर चढली, चारही चाकांनी वाळू धरून, आणि पलीकडे उतरली. धोंडुबाई तिच्यात बसली आणि उतरायचे नावच घेईना. मित्रांनो, त्या म्हातारीचा मला आला तेवढा राग आसामच्या ओढ्याचाही आला नव्हता.

आणि तेव्हाच लालासाहेब म्हणाले, की मग ही हिरवी मी घेतो.

कृष्णातने त्यांना बाजूला नेले. ते दोघे माझ्या मागेच उभे होते.

"दादा, हिची चौकट वाकलीया. पुढची चाकं वढत न्हाईत. आठ दिस थांब, मी तुला दुसरी हुडकून देतो."

"माज्या दारात गाडी आल्याली तुला बघवंना व्हय?"

कृष्णात आईकडे परत गेला. लालासाहेबांचे दुखणे मला पुढे त्यांच्याच घरात कळले. भरतीच्या दिवशी दोघे भाऊ एकाच रांगेत उभे होते. धाकट्याला घेतले आणि थोरल्याची छाती कमी भरली म्हणून त्यांना बाजूला काढले. धाकटा फौजेतून परत आला तेव्हा सारा गाव त्याला भेटायला लोटला. माझ्यासारखेच तेही पारख होऊन बाजूला काढलेले होते. म्हणूनच आमचे जमले असावे.

आम्ही दोघी एकाच दिवशी कडेगावात आलो. लोक माझ्याभोवतीच गोळा झाले. बायकांनी मला ओवाळले. लालासाहेबांची बायको बयाबाई हिने माझ्या नाकावर हळदकुंकू लावले. आठ-दहा दिवस मी राणीसारखी मिरवले, आणि समोर ती चेपलेल्या अंगाने गुपचूप उभी असलेली पाहून मनातून सुखावले.

पुढे हळूहळू सगळे पालटले. ती रोज सकाळी पहिल्या हाकेला चालू व्हायची, मला चार माणसे ढकलायची. ती धोंडुबाईला घेऊन चिखलातून मळ्यात जाऊन यायची, मी ओढ्याच्या अलीकडेच थांबायचे. माझे टायर एकाच कडेने झिजत. कुणाला तालुक्याला जायचे असले, कुणाची लेक सासरी पोचवायची असली, की माणसे माझ्यावरून पुढे जाऊन कृष्णातची कडी वाजवत. दर सोमवारी कृष्णातची बायको शालूबाई तिला धुवायची. तेव्हा मी मनात म्हणायचे, जाऊ दे पाणी तिच्या इंजिनात, एकदा तरी अडू दे तिला वाटेत. ती कधी अडली नाही. लालासाहेब ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचत आणि कागदाच्या वरून समोर बघत. माझ्या इंजिनात तेल आहे की नाही, हे मात्र त्यांनी महिनोन्महिने पाहिले नाही.

अठ्ठेचाळीसच्या श्रावणात पंचमीसाठी बयाबाईला दहिवडीला माहेरी जायचे होते. कृष्णातही त्याच दिवशी बहिणीला आणायला मायणीला निघाला होता. सकाळी आम्ही दोघी येरळेच्या काठावर एकापाठोपाठ पोचलो. पाणी गुडघाभर, पण गढूळ. कृष्णात गाडी थांबवून खाली उतरला. धोतर खोचून, काठीने वाळू चाचपत तो पाण्यातून चालू लागला. आधी मी पाण्यातली वाट तपासतो, मग मागोमाग या, असे त्याने सांगितले होते.

मागोमाग या, एवढेच लालासाहेबांच्या मनाला लागले. त्यांनी मला वळवले आणि वरच्या अंगाने पाण्यात घातले. खरे सांगते, मलाही तेच हवे होते. एकदा तरी तिच्या आधी पलीकडे पोचायचे होते.

नदीच्या मधोमध माझी मागची चाके वाळूत बसली. लालासाहेबांनी पुढची दांडी ओढली, पुन्हा ओढली. पुढची चाके हलली नाहीत. वर खटावाकडे पाऊस झाला असावा. बघता बघता पाणी माझ्या पाय ठेवायच्या पत्र्यावर आले, मग गाद्यांपर्यंत. बयाबाईच्या मांडीवर वर्षाची लेक होती. कृष्णात पाणी कापत आला. त्याने लेकीला खांद्यावर घेतले, वहिनीचा हात धरला आणि दोघींना काठावर पोचवले. मग पाठीवर दोर टाकून तो परत आला. लालासाहेब माझ्या स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसले होते.

"ऱ्हाऊ दे, कृष्णात. जाऊ दे गाडी."

ते आमच्या दोघांच्याही मनातले होते. तिने आपल्याला ओढून न्यावे, यापेक्षा वाहून गेलेले बरे, असे मला वाटत होते. कृष्णातने त्यांना उतर म्हणून सांगितले, तरी ते उतरेनात. तेवढ्यात काठावरून बयाबाईचा आवाज आला. ती ओरडली नाही, पण पाण्यावरून शब्द स्पष्ट आले.

"आवं, दोर बांधू द्या. पोरीला बाप पायजे."

लालासाहेबांनी मान खाली घातली. कृष्णातने दोर माझ्या नाकाला बांधला आणि दुसरे टोक तिच्या मागच्या कडीला. येण्याआधीच त्याने तिला उलटी आणून काठाच्या पाण्यात उभी केली होती, शेपूट माझ्याकडे करून. त्याने जाऊन तिला चालू केले, दोर ताणला, ती चढावर चढू लागली आणि मला तिचे पोट दिसले.

मित्रांनो, दोन वर्षे मी तिला समोरून पाहत होते. खालून मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. तिची चौकट आखल्यासारखी सरळ होती. एकेक सांधा ग्रीसने भरलेला, एकेक नट जागेवर. तिची चारही चाके वाळू मागे फेकत होती आणि ती वाळू माझ्या तोंडावर येत होती. सातारच्या आवारात कृष्णात उताणा पडून इतका वेळ काय बघत होता, ते मला तेव्हा समजले. समजले म्हणून हेवा कमी झाला नाही. उलट त्या दिवशी तो इतका दाटला की इंजिनात पाणी गेले नसते, तरी मी बंद पडले असते.

त्यानंतर महिनाभर लालासाहेबांनी मला हात लावला नाही. माझ्या मागच्या गादीवर कोंबडीने अंडी घातली. चिखल वाळून माझ्या अंगाला तडकला. मग एका सकाळी ते गल्ली ओलांडून समोर गेले. कृष्णात तिच्या चाकात हवा भरत होता.

"सातारला तू सांगितलंस त्ये सगळं मला दिसलं हुतं," ते म्हणाले. "वाळूत चाकं फिरंनात, त्ये बी दिसलं. पर मी माजी गाडी बघितलीच न्हाई, कृष्णात. मी तुजीच बघत हुतो."

कृष्णातने पंप खाली ठेवला आणि विचारले, "किल्ली आनलीयास न्हवं?"

दोघांनी मिळून मला तिच्या मागे बांधून सांगलीला नेले. तिथल्या एका कारखान्यात माझे ठिगळ कापून चौकट तापवून ठोकली. पूर्ण सरळ झाली नाही, पण बसणाऱ्याला कलल्यासारखे वाटेनासे झाले. एका भंगार गाडीचे पुढचे चक्र मला बसवले. माझा रंग खरवडला, तेव्हा आसामचे सगळे ओरखडे उघडे पडले. नवा रंग द्यायचा का, असे कारागिराने विचारले. लालासाहेब नको म्हणाले.

त्याला आता वर्ष होत आले. मी ओढा ओलांडते. बयाबाईला आणि लेकीला दोनदा दहिवडीला नेऊन आणले. रविवारी लालासाहेब पोते अंथरून माझ्याखाली आडवे होतात, ग्रीस भरतात, तेल बघतात. ओट्यावरचे वर्तमानपत्र आता ते नुसते वाचतात.

माझा हेवा गेला का? नाही. समोर ती पहिल्या हाकेला चालू झाली की अजूनही माझ्या आत काहीतरी खटकते. पण त्या वेळी माझ्या पोटाखाली कुणीतरी एकेक नट हाताने चाचपत असते आणि मला तिकडे लक्ष द्यावे लागते.

म्हणून मित्रांनो, एवढीच विनंती. गाडी घ्या, घोडे घ्या, नाहीतर शिवणाचे यंत्र घ्या, रंगावर जाऊ नका. आणि घेतल्यावर त्याला दारात नुसते उभे करू नका. गुडघे टेका, अंगाला माती लागू द्या, आणि आपले जे आहे ते एकदा खालून बघा. शेजारच्या दारात काय उभे आहे, ते नंतर बघता येईल.