हातमोज्याने पारखलेला

मित्रांनो, फळीवर सुकवलेल्या दह्याच्या गोळ्यांची बरणी आहे ना, तिच्या शेजारची ती नारिंगी, ओरखड्यांनी भरलेली डबी म्हणजे मी. मी उपग्रहाशी बोलणारा संदेशक आहे. जिथे मोबाइल मुका होतो, तिथून मी आकाशाला हाक मारायचो आणि माणसाचा ठावठिकाणा आणि निरोप त्याच्या घरी पोचवायचो. आता माझी बॅटरी धड तासभरही टिकत नाही.

एका गिर्यारोहकाने मला ओश शहरातल्या दुकानात विकून टाकलं. तिथे चकचकीत भाऊबंदांच्या मागे मी धूळ खात पडलो होतो. एक दिवस झुराकान एजे आल्या. एजे म्हणजे ताई. अलाईच्या डोंगरांत घोड्यावरून फिरून बाळंतपणं करणाऱ्या त्या परिचारिका.

"हा घ्या एजे. रंगीत पडदा, सगळे नकाशे," दुकानदार म्हणाला.

एजेंनी खिशातून मेंढीच्या कातड्याचा जाडजूड हातमोजा काढून चढवला आणि पडद्यावर बोट टेकवलं. पडदा ढिम्म.

"आमच्याकडच्या थंडीत मोजा काढला की बोटं जातात. दुसरा दाखव."

दुसऱ्याला बटणं होती, पण तो फक्त निरोप धाडायचा, उत्तर आणायचा नाही.

"म्हणजे मी हाक मारायची, आणि कुणी ऐकली का ते कळायचंच नाही? असला एक नवरा आहे माझ्या घरी."

शेवटी माझी पाळी आली. माझं जाड बटण मोज्यातूनही दाबलं गेलं. उत्तर आलं की माझा हिरवा दिवा लागायचा आणि चिमुकल्या पडद्यावर अक्षरं उमटायची.

"तो जुना आहे, एजे."

"मी कुठे कालची आहे? बांध."

इतक्या मानाने मला कधी कुणी निवडलं नव्हतं.

एजेंचे यजमान सबिरकुल यांनी मात्र नाक मुरडलं. तरी पहिल्या फेरीला त्यांनीच मला जपून औषधांच्या पत्र्याच्या पेटीत, अगदी तळाशी ठेवलं. मौल्यवान वस्तू पेटीतच ठेवायची, ही त्यांच्या घरची रीत. पोचल्यावर एजेंनी बटण दाबलं आणि मला लगेच परत पेटीत ठेवलं. मी आतून ओरडत राहिलो, पण पत्र्यातून माझी हाक जाईना. 'पोचले' हा निरोप आला नाही, तेव्हा म्हाताऱ्याने बर्फातून घोडा हाकला. खिंडीपलीकडे एजे निवांत चहा पीत बसल्या होत्या.

"मेलीस असं वाटलं मला," ते दारातूनच गरजले.

"मग रडलास की नाही?"

"घोड्याला विचार."

त्या दिवसापासून मी एजेंच्या खांद्यावर, उघड्या आकाशाखाली राहिलो.

मग तो हिवाळा आला. खिंडीपलीकडच्या मेंढपाळवाडीत नुरझात नावाची पोर पहिलटकरीण होती आणि मूल आडवं होतं. एजे पहाटेच निघाल्या. भर दुपारी, खिंड उतरताना, घोडा निसरड्या बर्फावरून घसरला आणि एजेंचा पाय मोडला. घोडा खाली पळून गेला. एजे रडल्या नाहीत. त्यांनी मोज्यातल्या अंगठ्याने माझं बटण दाबलं, मला छातीवर आभाळाकडे तोंड करून ठेवलं आणि माझ्यावर पडणारा बर्फ पुन्हा पुन्हा झटकत राहिल्या. मित्रांनो, मी सगळा जीव एकवटून हाक मारली.

दिवा लागला. 'ऐकलं. येतोय. झोपू नकोस.' तो निरोप वाचून एजे पहिल्यांदा ढसाढसा रडल्या.

सबिरकुल चार शेजारी आणि एक घसरगाडी घेऊन आले.

"चल घरी."

"घरी काय? नुरझातकडे न्या मला. पाय मोडलाय, हात धड आहेत."

"बाई, वेड लागलंय तुला."

"लग्नाआधीपासून. ओढा."

त्यांनी ओढलं. एजेंनी पडल्या पडल्या ते मूल फिरवलं. मुलगी झाली आणि आई वाचली. अशा बाईच्या खांद्यावर मी राहिलो, याचा मला अजून अभिमान वाटतो.

ती खबर मीच गावात नुरझातच्या वडिलांच्या मोबाइलवर पोचवली. शुभवार्ता आणणाऱ्याला भेट द्यायची, ही या लोकांची पद्धत. नवे आजोबा पेचात पडले, डबीला भेट काय द्यायची? मग त्यांनी माझ्यासाठी पांढऱ्या नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, अंगरखा शिवला आणि इथल्या गोल तंबूंच्या छताला धुरासाठी असतं तसं भोक त्याच्या माथ्यावर ठेवलं, मला आकाश दिसावं म्हणून. नमदा माझ्या आड येत नाही, येतो तो पत्रा. पण आजोबांना हे सांगायला कुणीच धजावलं नाही.

आता एजे लंगडत घरातच वावरतात. त्यांच्या जागी आलेली तरुण परिचारिका परवा शहराला निघाली होती. "एजे, कसला संदेशक घेऊ? हल्ली फार सुंदर मिळतात," ती म्हणाली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आम्हाला दुकानातल्या उबेत बसून पारखू नका, आणि घेतलंत तर पेटीत कोंडू नका. पण हे मला बोलावं लागलं नाही. एजे उठल्या, खुंटीवरचा तो जुना हातमोजा काढला आणि पोरीच्या हाती दिला.

"आधी हा घाल. मग निवड."