दोनशे अठरा आत, दोनशे सतरा बाहेर

ज्यांनी मला घडवलं, त्यांच्यावर माझा सरळ आरोप आहे. तुम्ही मला किल्ल्या बदलायच्या कामाला लावलंत आणि पहिली वस्तू म्हणून किल्लीच दिली नाहीत. वर कुणाला धड सांगितलंही नाहीत.

मित्रांनो, मी कम्प्युटरमधला एक जुना कामगार आहे. मला फंक्शन म्हणतात. तयार कामांची एक पेटी असते, प्रोग्रॅम लिहिणारे तिच्यातून हवं ते फुकट उचलतात. त्या पेटीत मी राहतो. यादीतल्या प्रत्येक ओळीला एक किल्ली असते, म्हणजे नंबर, आणि किल्लीमागं माहिती, म्हणजे नाव. किल्ली बदलायची असली की मला बोलावतात. मी एकेक ओळ उचलून दोन्ही गोष्टी बोलावणाऱ्यापुढं ठेवतो आणि विचारतो, नवी किल्ली काय करू? पण ठेवताना आधी माहिती, मग किल्ली. पेटीतली माझी सगळी भावंडं असंच करतात, म्हणून मलाही तेच वळण लावलं. कामाचं नाव किल्लीचं आणि पहिला मान नावाला!

माझी तारीफ खूप झाली. एका ओळीत काम करतो म्हणायचे. पुढं नवी फंक्शनं आली, माझं माहितीपत्रक कुणी उघडेना. तरी मी राबत होतो. राजूरला पोचलो तो असाच.

राजूरला मोतीबिंदूचं शिबिर होतं. तपासणी होऊन दोनशे अठरा जण ऑपरेशनला ठरले. यादी करायला राजनंदिनी होती. गावातच तिचं फॉर्म भरायचं दुकान आहे, आणि प्रोग्रॅम लिहायचं ती मोबाइलवर बघून बघून शिकली. वाटूरच्या शिबिराचे नंबर राजूरच्या नंबरांत मिसळत होते, म्हणून प्रत्येक नंबरापुढं तिला राजूरचा 'रा' जोडायचा होता. तिनं मला सांगितलं, पहिलं येईल ते घे आणि 'रा' जोड. पहिला नंबरच येणार, असं ती धरून चालली. आलं नाव.

आता आमच्या भागातली एक रीत सांगतो. लेकरं जगत नसली की पोराचं नाव कडूबा ठेवायचं. कडू म्हणून काळ तोंड लावत नाही. गल्लीगल्लीत कडूबा आहेत. केशरबाई कडूबा गव्हाणे या नावाच्या दोन बाया त्या यादीत होत्या, एक एक्केचाळीस नंबरची आणि एक एकशे त्रेसष्टची. मी नावाची किल्ली केली. एका किल्लीला एकच ओळ राहते. दुसरी आली, पहिली पुसली गेली.

छापलेला कागद घेऊन गाडीपाशी नावं पुकारायला कल्याण उभा होता, शिबिराचा कार्यकर्ता.

"राजनंदिनीताई, हे एकेक नाव दोनदा काहून छापलं? म्हाताऱ्यायला ऐकू येत न्हाई म्हून का?"

"वाच जल्दी, गाडी सुटायली!" ती म्हणाली. नंबरांच्या जागीही नावंच छापली गेलीत, हे तिनं पाहिलंच नाही.

केशरबाईंचा पुकारा झाला. एकशे त्रेसष्टवाली तरणी, चटकन चढली. एक्केचाळीसवालीचा एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यावर पडदा. चाचपडत दारापर्यंत आली.

"मावशी, तुमचं नाव झालं की!"

"आरं, झालं कुठं? मी हितंच बसून राह्यले सकाळपसून. तपासणीची चिठ्ठी तूच दिल्ती नव्हं?"

"चिठ्ठी बराबर हाय, पण यादीत एकच केशरबाई हाय. दवाखान्यात हीच यादी गेली, पलंग तेवढेच."

"मंग मी कोण?"

गाडी गेली.

राजनंदिनीनं दुपारी माझं माहितीपत्रक उघडलं. आधी माहिती, मग किल्ली, असं त्यात लिहिलेलं होतं, परक्या भाषेत, बारीक अक्षरात. "चूक माझीच," एवढंच ती बोलली आणि केशरबाईंच्या घरी जाऊन मान खाली घालून बसली.

तिला लाज वाटली. माझी लाज त्याहून मोठी आहे. ती अंधारात होती, मी नव्हतो. दोनशे अठरा ओळी माझ्या हातातून आत गेल्या, दोनशे सतरा बाहेर आल्या, आणि मी गप्प बसलो. एक बाई माझ्या हातून सांडली आणि मी 'काम झालं' म्हणून सांगितलं! ओरडायची मला परवानगी नाही, ही सबब मी किती दिवस सांगू?

मित्रांनो, आमच्यासारख्यांवर आंधळा भरवसा ठेवू नका. आधी एक ओळ चालवून बघा, पहिलं काय येतं ते. काम झाल्यावर ओळी मोजा.

आणि मला घडवणाऱ्यांनो, दवाखान्याच्या साहेबांनो, तुम्हाला उपदेश नाही, सवाल आहे. केशरबाई रोज कल्याणला विचारते, "पुढली तारीख कवा?" तो दवाखान्याकडं बोट दाखवतो. तिचा उरलेला डोळा दिवसागणिक विझतो आहे. तारीख सांगा. कोणती?