दादाची डावी बाजू

माझ्या मोठ्या भावाला, देवीदासला, डाव्या डोळ्यानं दिसत नाही. चाळीस वर्षांत ही गोष्ट आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललेलं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून दगडफेक होते, त्या गोटमारीत पलीकडच्या सावरगावकडून आलेल्या गोट्यानं गेलेला डोळा तो. आमच्या पांढुर्ण्यात असा डोळा म्हणजे मान. टपरीवर लोक उठून जागा देतात, चहाचे पैसे घेत नाहीत. अशा माणसाला 'तुला दिसत नाही' म्हणायचं कुणी? झाकली मूठ सव्वा लाखाची.

घरात त्यावर एक रीत आपोआप पडली. दादाच्या डाव्या हाताला नेहमी कुणीतरी असायचं. रस्त्यानं उषावहिनी, ट्रॅक्टरच्या वेळी मी. संत्र्याची ट्रॉली मंडीत मागं घेताना मी डाव्या चाकाजवळ उभा राहायचो. तिकडं काही आडवं आलं की नुसतं 'दादा!' म्हणायचं. तो ब्रेकच्याही आधी ट्रॉली हाकेपासून दूर वळवायचा, मान न फिरवता. लोक म्हणायचे, देवीदासभाऊले पाठीले डोये हायेत. मी हाडाचा मास्तर, पण त्या पाठीच्या डोळ्याचा मला माझ्या नोकरीपेक्षा जास्त अभिमान होता.

त्याचा एकुलता एक मुलगा मयूर. आठ वर्षं मुंबईकडं शिडाच्या नावांच्या एका क्लबात दुरुस्तीच्या कामाला होता. मागच्या हिवाळ्यात तो परत आला तो एक टाकून दिलेली छोटी नाव घेऊन. दोन माणसं बसतील एवढी. कापसाच्या गावात नाव! मी स्वतः म्हणालो होतो, 'बेट्या, जाम नदीत तर म्हैस बी बसून आंघोळ करते.' तो हसला. मोहगावच्या पुढच्या तलावावर लोकांना नावेत फिरवायचं त्याच्या डोक्यात होतं. चार महिने अंगणात घासघास घासून त्यानं नाव नवी केली. उजव्या अंगावर पिवळ्या रंगात आईचं नाव लिहिलं, उषा. डाव्या अंगावर लिहायचं राहिलं होतं.

तलावाला मासे न्यायच्या गाड्यांसाठी सिमेंटचा उतार आहे. नाव ठेवायला मयूरनं बुटकी ट्रॉली करून घेतली होती. ती उलटी पाण्यात न्यायची, चाकं बुडाली की नाव आपोआप तरंगते. त्यानं पिकअपवाल्या योगेशला सांगून ठेवलं होतं. दादा ऐकून भडकला.

"माह्या पोराची नाव दुसऱ्याच्या गाडीनं जाईन? मी मेलो काय?"

मयूर माझ्याकडं बघू लागला. वहिनी पोळी लाटता लाटता थांबली. तिघांच्याही ओठावर एकच गोष्ट होती. मयूरनं योगेशला नको म्हणून कळवलं. निघताना वहिनी मला दारात म्हणाली, "भाऊजी, डाव्या बाजूनं तुमी ऱ्हाजा. पोरगं पान्याच्या नादात काही पायत नाही."

"वहिनी, चाळीस वर्षांपासून करून राहिलो," मी म्हणालो. मला जरा रागच आला होता तिच्या सांगण्याचा.

सकाळी नऊला आम्ही उतारावर पोचलो. नारळ फुटला. मयूरनं डोलकाठी उभी केली, दोर सोडले, एक दोर हातात धरून ट्रॉलीच्या डाव्या चाकाजवळ उभा राहिला. दादानं उजव्या खांद्यावरून मागं बघत ट्रॅक्टर हळूहळू उताराला लावला. मी डावीकडंच होतो, मयूरच्या दोन पावलं मागं.

मग मी मोबाइल काढला. डावीकडून नुसती पांढरी नाव दिसत होती. वहिनीचं नाव उजवीकडून दिसणार होतं, ऊनही तिकडून चांगलं पडलं होतं. मयूर आहेच की इकडं, मनात म्हणालो, आणि मागून वळसा घालून पलीकडं गेलो. दहा पावलांची तर गोष्ट.

पिवळी अक्षरं पडद्यावर छान आली. तेवढ्यात नावेखालच्या फटीतून मला मयूरचे पाय दिसले. शेवाळावरून एक पाय घसरला, दुसरा घसरला, आणि तो चाकाच्या बाहेरच्या अंगाला, जरा मागं बसलेला दिसला.

"दादा! दादा!" मी जीव खाऊन ओरडलो.

ट्रॉली थांबली नाही. ती डावीकडं वळली, मयूरच्या अंगावर. मग ट्रॅक्टर बंद पडला. नाव मात्र ट्रॉलीवरून अलगद सुटली आणि तरंगत पाण्यात गेली. ती काढायला कुणी गेलं नाही. मयूरला आम्ही मासे न्यायला आलेल्या एका पिकअपमध्ये टाकलं, पण सौसरच्या दवाखान्याच्या अलीकडंच तो गेला.

पंचनाम्यात मी सांगितलं, शेवाळ होतं, ट्रॉली घसरली. वहिनीला तेच सांगितलं. तिनं एकदाच विचारलं, "तुमी होते ना जवळ?" मी 'हो' म्हणालो. खोटं बोलताना मला वाटायचं, मी दादाला वाचवून राहिलो. त्याच्या आंधळ्या डोळ्यानं पोरगा गेला, हे त्याला कधीच कळू नये. चार महिने मी हे ओझं वाहतोय म्हणून स्वतःच्याच पाठीवर थाप मारत होतो. लाज वाटते आता सांगताना.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं शेताकडं निघालो होतो. मी सवयीनं त्याच्या डावीकडं. नदीच्या पुलाशी तो थांबला.

"मोरेश्वर, तवा तू कोन्या बाजूनं होता?"

"डाव्या," मी म्हणालो. "दादा, शेवाळानं..."

"शेवाळाचं नको सांगू मले." आवाज चढला नव्हता. "तुही हाक उजवीकून आली. नावेच्या आड काही दिसलं नाही. मले वाटलं, उजवीकडं कोनी हाय. म्हनून मी ट्रॉली डावीकडं घेतली."

चार महिने मी ज्याच्यापासून लपवत होतो, त्याला पहिल्याच क्षणी सगळं कळलं होतं. मलाच कळलं नव्हतं. मी गप्प राहिलो असतो तर त्यानं कदाचित ट्रॉली सरळच ठेवली असती.

"दादा, मी फोटो..."

"मालूम हाय. उषाले नको सांगू. तुह्या ताटात वाढनार नाही ती." त्यानं धोतराच्या सोग्यानं उजवा डोळा पुसला. डाव्यातूनही पाणी येत होतं, ते तसंच राहिलं. "चाल."

तो निघाला. रस्त्याच्या उजव्या कडेला सरून, डावीकडं माझ्यापुरती जागा सोडून चालत राहिला. मला त्या जागेत पाऊल टाकवेना.