दिघोरीच्या बांधीत पडलेली जीप

मित्रांनो, एका जागी उभे राहणे मला कधीच जमले नाही, म्हणून माझी गोष्टही जरा घाईघाईतच ऐका. मी एक जुनी जीप आहे. रंग एकेकाळी हिरवा होता. आता तो कुठे हिरवा आहे, कुठे तपकिरी, आणि डाव्या बाजूला तर कसलाच नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. अंग जोडून झाले, रंग दिला, आणि मग मला इतर जीपांबरोबर रांगेत उभे केले. तेव्हापासून मला रांगेचा राग आहे. पुढे मी जंगल खात्यात लागले आणि आंबागडच्या बाजूला सात वर्षे धावले. किल्ल्याखालचे दगड, नाले, तेंदूपत्त्याच्या दिवसांतली धूळ, मला सगळे आवडायचे. साहेब लोक म्हणायचे, ही गाडी कुठे अडत नाही. ते ऐकून मी शेफारले. पण १९७७ साली नवी जीप आली आणि मला आवारात एका कोपऱ्यात लावले. टायर बसले, सीटमध्ये उंदरांनी घर केले. दीड वर्षाने लिलाव झाला तेव्हा मी मनात म्हणत होते, कोणीही न्या, पण मला इथून हलवा.

मला सेवकरामने घेतले. तो वरठीचा. तोवर तो दुसऱ्यांच्या गाड्या चालवायचा. त्याची बायको रुखमा सातवी शिकलेली होती. गाडी त्याला कळायची आणि कागद तिला कळायचा, अशी त्यांची वाटणी होती. वरठीच्या स्टेशनावर उतरलेली माणसे घेऊन मी पवनी, लाखांदूरकडे जायची. दिघोरीच्या बाजूची माणसे तर माझी वाट बघत बसायची. बाळंतिणी, नवरदेव, तांदळाची पोती, सगळे मी वाहिले. एका म्हाताऱ्याने बकरीला पुढच्या सीटवर बसवले होते, तेही मी सोसले. रुखमा दर वर्षी न चुकता माझा विमा उतरवायची. सेवकरामला ते पैसे वाया गेल्यासारखे वाटायचे. ती त्याचे ऐकायची नाही.

१९८१ सालचा श्रावण होता. धानाची लावणी, तिकडची रोवणी, उरकत आली होती. पावसाने पंधरा दिवस ओढ दिली होती, म्हणून दिघोरीच्या तलावाचे पाणी शेतांना सोडले होते. सेवकराम सवारी सोडून एकटाच परत निघाला होता आणि मी जरा जोरातच होते, हे कबूल करते. वळणावर तलावातून निघालेल्या म्हशी एकदम रस्त्यावर आल्या. सेवकरामने चाक फिरवले. म्हशी वाचल्या, पण माझी डावी बाजू कडेच्या मोहाच्या झाडावर आपटली आणि मी घसरत देवाजी नावाच्या शेतकऱ्याच्या बांधीत नाकावर उतरले. बांधी म्हणजे पाणी धरून ठेवणारे धानाचे शेत. सेवकरामच्या कपाळाला खोक पडली. माझ्या पोटाखाली पाणी होते आणि ते हळूहळू चढत होते.

देवाजी साठीचा माणूस. मी त्याच्या नव्या रोवणीचा चिखल करून टाकला होता, पण तो आधी सेवकरामकडे धावला. त्याने सेवकरामला खाटेवर बसवले, चहा पाजला आणि गावात निरोप पाठवला. तिकडे एक रीत आहे. ज्याच्या बांधीत दुसऱ्याची बंडी, म्हणजे बैलगाडी, रुतते, त्यानेच ती बाहेर काढायची, मोडली असेल तर दुरुस्त करायची आणि स्वच्छ धुऊन परत पाठवायची. मोडकी, चिखलाने भरलेली बंडी आपल्या शेताच्या धुऱ्यावरून गेली तर त्यांना लाज वाटते. त्यांच्या लेखी मी एक जड बंडीच होते.

चार जोड्या हल्ये, म्हणजे औताचे रेडे, आणले गेले. रुतलेल्या बंडीचा दोर आसाला बांधतात, कारण बंडीत आसच सगळ्यांत मजबूत असतो. माणसांनी पाण्यात बसून माझ्या पोटाखाली हात घातले, चाकांच्या मधला आडवा दांडा चाचपला आणि दोर त्यालाच बांधला. तो आस नव्हता. तो स्टिअरिंगचा दांडा होता. मला ओरडायचे होते, पण हॉर्न पाण्याखाली गेला होता. हल्यांनी जोर लावला. दांडा वाकला, पुढचा एक्सलही टोकाला पिळला गेला, आणि मी बाहेर आले. सगळ्यांना आनंद झाला. मग बायांनी मला घासून धुतले. लोहाराने डावा मडगार्ड ठोकून सरळ केला आणि देवाजीच्या बायकोने, मनकर्णाबाईने, माझ्या बोनेटला हळदकुंकू लावले. सेवकराम हात जोडून उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते.

घरी पोचल्यावर त्याने हे सगळे रुखमाला कौतुकाने सांगितले, आणि ती कपाळाला हात लावून खाली बसली. विमा कंपनीचा माणूस बघेपर्यंत गाडीला हात लावायचा नसतो, हे तिला ठाऊक होते.

मला ट्रकवर चढवून भंडाऱ्याला बाबूलाल मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये आणले. नवव्या दिवशी नागपूरहून सर्व्हेअर, म्हणजे कंपनीसाठी नुकसान तपासणारे साहेब, आले. माणूस वाईट नव्हता. थकलेला होता, सारखा रुमालाने मान पुसत होता. बाबूलालने खर्चाची यादी त्यांच्या हातात दिली. त्यांनी मला चारी बाजूंनी बघितले आणि लाल पेन्सिलीने एकेक ओळ खोडायला सुरुवात केली. मडगार्ड सरळ आहे, खोडली. आत चिखल नाही, खोडली. दांडा आणि एक्सल ओढल्यामुळे वाकलेत, आपटल्यामुळे नाही, खोडली. शेवटी यादीत एक लाइट आणि पुढची काच एवढेच उरले. बाबूलाल म्हणाला, काच बसवून ही गाडी कुठे जाईल? त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली.

मग पत्रे सुरू झाली. रुखमा कंपनीला लिहायची, आणि महिन्याने उत्तर यायचे की पत्र मिळाले, विचार चालू आहे. सेवकराम एसटीने नागपूरला जायचा. कधी साहेब सुटीवर असायचे, कधी फाइल दुसऱ्या टेबलावर गेलेली असायची. आणि मी? माझी पुढची चाके काढून मला विटांवर ठेवले होते. गॅरेजसमोरून रायपूरचा रस्ता जातो. दिवसभर ट्रक जायचे, मोटारी जायच्या, सायकलीसुद्धा माझ्या डोळ्यांदेखत पुढे निघून जायच्या. माझे इंजिन ठणठणीत होते. बाबूलाल आठवड्यातून एकदा ते सुरू करायचा, मी जागच्या जागी थरथरायची आणि तो ते बंद करायचा. त्याचा मला इतका राग यायचा की सांगता सोय नाही. भंगारवाला दोनदा येऊन गेला होता. बाबूलालने सेवकरामला स्पष्टच सांगितले की एक्सल बसला नाही तर आता विकून मोकळा हो.

रुखमाने मात्र हार मानली नाही. विम्याचा कागद इंग्रजीत होता. वरठीच्या शाळेतल्या केशवराव मास्तरांकडून तिने तो मागच्या बारीक अक्षरांसकट वाचून घेतला. त्यात लिहिले होते की अपघातानंतर गाडीचे आणखी नुकसान होऊ नये याची काळजी मालकाने घ्यायची. तिने लगेच पत्र लिहिले. बांधीत पाणी चढत होते, गाडी तिथेच ठेवली असती तर इंजिन बुडाले असते, आणि मग कंपनीने इंजिन दिले असते का?

या पत्राने सर्व्हेअर साहेब हलले. ते स्वतः दिघोरीला गेले. मोहाच्या सालीत माझा हिरवा रंग अजून होता, तो त्यांनी टेप लावून मोजला. देवाजीने त्यांना सगळे हौसेने सांगितले. दोर कुठे बांधला, कोणाचे हल्ये होते, काहीही लपवले नाही. उलट त्याला त्याचा अभिमान होता.

तिथून सर्व्हेअर थेट गॅरेजमध्ये आले. सेवकराम आणि रुखमा दोघेही आले होते. साहेब म्हणाले की अपघात खरा आहे, हे मी मान्य करतो. एक्सल, दांडा, सगळे मंजूर करता येईल. फक्त या कागदावर सही करा. कागदात लिहिले होते की देवाजी आणि इतरांनी मालकाला न विचारता, चुकीच्या पद्धतीने गाडी ओढली आणि नुकसान केले. कंपनी सेवकरामला पैसे देणार होती आणि नंतर ते देवाजीकडून वसूल करणार होती.

"ते कंपनी बघेल," साहेब म्हणाले. "तुमचा त्यात काही संबंध राहणार नाही."

मित्रांनो, तुमच्यापासून काय लपवू? मला वाटले, कर रे बाबा सही. आत्ता कर. देवाजीकडे शेत आहे, हल्ये आहेत, तो भरेल. मला फक्त विटांवरून खाली उतरायचे होते.

सेवकरामने पेन हातात घेतला. मग विचारले, "याच्यात देवाजीभाऊचं नाव लिहाच लागते का?"

"लिहावंच लागेल. नाहीतर वसुली कोणाकडून करणार?"

त्याने पेन खाली ठेवला. "साहेब, त्यानं मले पयले चहा पाजला, मंग गाडी काढली. त्याचं नाव मी कसं लिहू?"

साहेबांनी रुखमाकडे बघितले. आठ महिने पत्रे तिनेच लिहिली होती, आणि जिंकायला फक्त एक सही बाकी होती. तिने तो कागद साहेबांकडे परत सरकवला.

"काच आन लाइटचे जे देता ते द्या," ती म्हणाली. "बाकी राहू द्या."

त्या दिवशी मी दोघांवर इतकी चिडले की बाबूलालने इंजिन सुरू करून बघितले तेव्हा मी मुद्दाम बंद पडले. सेवकराम तुमसरच्या एका राइस मिलचा ट्रक चालवू लागला. एक अख्खा हंगाम त्याने दुसऱ्याचे धान वाहिले. जाता-येता तो गॅरेजसमोर ट्रक थांबवायचा, माझ्यावरची धूळ पुसायचा आणि निघून जायचा. शेवटी बाबूलालला भंगारातल्या एका जीपचा एक्सल मिळाला. १९८३ च्या उन्हाळ्यात मी पुन्हा रस्त्यावर आले. पहिल्या दिवशी मी जोरात पळायला बघत होते. सेवकरामने पळू दिले नाही.

त्याच उन्हाळ्यात एका सकाळी वरठीच्या स्टेशनावर देवाजी उतरला आणि पुढच्या सीटवर येऊन बसला.

"काहून गा सेवकराम, गाडी निघाले लय दिवस लागले?"

"पार्ट भेटून नव्हता राहिला, भाऊ."

"आन कंपनीनं पैसे देल्ले ना?"

सेवकरामने गिअर बदलला. "देल्ले ना. सगळे देल्ले."

देवाजी खूश होऊन मागे टेकला. "देतीनच. त्या साहेबाले मीच समजावून सांगतलं होतं, आमी कशी ओढली ते. माह्या सांगन्यानंच देल्ले असतीन."

"हो भाऊ," सेवकराम म्हणाला. "तुमच्या सांगन्यानंच देल्ले."

दिघोरीपर्यंत देवाजी ही हकिकत मागच्या सवारीला सांगत होता, आणि मी गुपचूप चालत होते. सहीसाठी आतल्या आत आटापिटा करणारी मी, त्याला सीटवर बसवून त्याच्या घरी नेत होते. मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नाही.

मित्रांनो, आता १९८९ साल उजाडले आहे. मी बहुतेक वेळ सेवकरामच्या अंगणातच असते आणि माझी चुळबूळ अजून गेलेली नाही. गाडीचे तेलपाणी बघा, ब्रेक तपासा, विमा भरा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी एवढेच मागते. कधी कोणी तुमच्यापुढे सहीसाठी कागद ठेवला आणि तुम्हाला माझ्यासारखी घाई झाली, तरी तो शेवटपर्यंत वाचा, आणि त्यात कोणाचे नाव लिहिले आहे ते बघा.